सान्निध्यांक

कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पट्टी मिन्हाच्या गळ्याच्या हाडाखाली चिकटवून झाली, तेव्हा तिने तंत्रज्ञाला पहिला प्रश्न विचारला, "हिच्यासकट पोहता येतं का?"

"येतं. अंघोळ, पोहणं, झाडावर चढणं, सगळं येतं. बेचाळीस दिवस ती काढायची नाही, एवढंच."

"आणि मी खोटं बोलले तर हिला कळेल?"

तंत्रज्ञ हसला. "तू काय बोलतेस ते हिला ऐकूच येत नाही, बाळा. तुझ्या छातीत काय धडधडतं तेवढंच हिला समजतं."

मिन्हाच्या आईवडिलांना, निदा आणि मुआजला, त्याने एकेक करडी अंगठी दिली. दोन वर्षांपूर्वी तलाक झालेल्या त्या दोघांनी एकाच खोलीत, एकाच वेळी बोटांत अंगठ्या घातल्या आणि एकमेकांकडे बघायचं टाळलं.

ही २०४३ सालची गोष्ट. निदा परकार तेव्हा चौतीस वर्षांची होती. दाभोळच्या खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटी मोजणारं एक केंद्र होतं, तिथे ती तंत्रज्ञ होती. मुआज तांबे मालवाहू जहाजांवर इंजिनिअर. वर्षातले आठ-नऊ महिने तो पाण्यावर असायचा. दोघांत मोठं भांडण असं कधी झालं नाही. पण घर आपण एकटीच चालवतोय हे निदाने एकदा शांतपणे बोलून दाखवलं आणि मुआजला ते नाकारता आलं नाही. दोघांच्या संमतीने, काझीसाहेबांसमोर तलाक झाला. मिन्हा सहा वर्षांची होती. तिने आईकडे राहायचं याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. लहान मुलाला सांभाळायचा हक्क, म्हणजे हिजानत, आईचा. आणि विलायत, म्हणजे पालकत्व, बापाचं. मुआज सुट्टीवर आला की मुलीला भेटायचा, पुन्हा जहाजावर जायचा.

मग जहाजांवरची माणसं कमी झाली. जहाजं स्वतःची स्वतः चालू लागली, आणि मुआजला चिपळुणात पडद्यावर जहाजांची इंजिनं बघत बसायचं काम मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तो रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. घरात त्याची आई होती, अंगण होतं, आणि मुलगी नव्हती. वर्षभराने त्याने रत्नागिरीच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला. मिन्हा आता आठ वर्षांची झाली आहे, तिचा ताबा मला मिळावा.

अशा अर्जात न्यायालय मुस्लिम कायद्यातली तत्त्वं बघतं, पण त्याच्याही वर बघतं ते पाल्याचं हित. अडचण इथेच असायची. हित कशात आहे ते ठरवायचं कसं? आई रडून सांगायची, बाप चिडून सांगायचा, शेजारीपाजारी प्रतिज्ञापत्रं करायचे. तीन वर्षांपूर्वी या गोंधळात सान्निध्यांक आला.

त्यामागचं विज्ञान साधं होतं. माणूस घाबरला, ताणात आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. त्याचा अंश घामात उतरतो आणि पट्टी तो मोजते. मन निवांत असलं की हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर श्वासाबरोबर कमी-जास्त होत राहतं. भीतीत तेच अंतर एकसारखं, ताठर होतं. पट्टी तेही टिपते. तिसरी गोष्ट सर्वांत नवलाची. मूल ज्या माणसाजवळ विसावतं, त्याच्या हृदयाच्या चालीशी मुलाच्या हृदयाची चाल हळूहळू जुळत जाते. म्हणून त्या अंगठ्या. बेचाळीस दिवस या तिन्ही गोष्टी मिनिटामिनिटाला नोंदल्या जायच्या, संगणक त्यांची सरासरी काढायचा आणि आईचा एक, बापाचा एक, असे शंभरपैकी दोन आकडे हाती यायचे. कायद्यात हा आकडा बंधनकारक नव्हता. पण समोर आकडा असताना त्याच्याविरुद्ध निकाल द्यायला फारसं कुणी धजावत नव्हतं.

पहिले एकवीस दिवस मिन्हा दाभोळला आईकडे राहणार होती, शनिवार-रविवार बापाकडे. पुढचे एकवीस दिवस सलग बापाकडे.

त्याच संध्याकाळी सात वाजता निदाने चटई अंथरली आणि हाक मारली, "मिन्हा, हात."

मिन्हाच्या जन्माच्या वेळी तिचा खांदा अडकला होता. सोडवताना उजव्या हाताकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या गेल्या. शिरा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, मेंदूकडून निरोप नेणाऱ्या. त्यातल्या काही पुन्हा जुळल्या, काही नाही. हात लुळा नव्हता, पण खांद्याच्या वर उचलला जायचा नाही. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी पाठीचा एक स्नायू खांद्याकडे वळवून बसवला होता. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मात्र त्यांनी निदाला समोर बसवून सांगितलं होतं, "माझं काम तीन तासांचं होतं, तुमचं वर्षभराचं आहे. सकाळ-संध्याकाळ सांधा ताणला नाही तर तो जखडेल. मग पुन्हा उघडून उपयोग नाही."

ताणायचं यंत्रही होतं. शहरातल्या उपचार केंद्रात ते दोनदा लावून बघितलं. यंत्र जवळ आलं की मिन्हा सगळं अंग आवळून घ्यायची. शेवटी निदाच्या हातांनीच ते काम शिकून घेतलं.

मिन्हा चटईवर उताणी पडली. निदाने एका हाताने खांद्याचं पातं दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने मुलीचा हात हळूहळू वर, कानाकडे न्यायला सुरुवात केली. एका ठिकाणी सांधा अडला.

"दुखतंय!"

"माहितीये. तीस मोज."

"तूच मोज! तू वाईट आहेस!"

"बरं, मी मोजते. एक, दोन, तीन..."

मिन्हा ओरडली, रडली, पाय आपटले. निदाने तीस पूर्ण केले, हात खाली आणला, आणि पुन्हा वर नेला. असं दहा वेळा. मग कोपर दुमडून बाहेर वळवायचं, तेही दहा वेळा. पंचवीस मिनिटं. ते झाल्यावर तिने मिन्हाला मांडीत ओढलं आणि तिचे केस विंचरत बसली.

गळ्याखालची पट्टी सगळं नोंदवत होती.

तीन आठवड्यांनी अंतरिम आकडे आले. निदाच्या वकील वैदेही साळवी यांनी तिला चिपळूणच्या आपल्या कचेरीत बोलावून घेतलं.

"तुमचा त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. "त्यांचा एकोणऐंशी."

निदाला आधी वाटलं, आपण उलटं ऐकलं.

"तो फक्त शनिवार-रविवार होता, मॅडम."

"तेच तर. शनिवार-रविवार. आइस्क्रीम, समुद्र, दादीच्या हातचे सांदण. व्यायाम करतात का ते?"

"नाही. सुट्टीच्या दिवशी कशाला, म्हणतो."

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निदा, मी हे बोलले असं कुठे सांगू नका. पण अजून दहा दिवसांची मुदतवाढ मागता येते. आजार, परीक्षा, काहीही कारण. त्या दहा दिवसांत व्यायाम बंद ठेवा. तुमचा आकडा पासष्टच्या वर जाईल. लोक याच्यापेक्षा कितीतरी काय काय करतात. याच रस्त्यावर पलीकडे वर्ग चालतात त्याचे."

निदा खाली उतरली आणि खरोखरच रस्ता ओलांडून त्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिली. आत दहा-बारा आईबाप बाकांवर बसले होते. एक बाई शिकवत होती. मुलाला शाळेत सोडायला स्वतः जाऊ नका, निरोपाच्या वेळी ताण वाढतो. गृहपाठ आजीकडे सोपवा. ताप आला तर औषध दुसऱ्या कुणीतरी पाजावं. मुलाला 'नाही' म्हणायचं असेल तर आधी अंगठी काढून ठेवावी, पण रोज नको, संशय येतो. बाकांवरची माणसं हे सगळं वहीत उतरवून घेत होती.

निदा परतली ती सरळ दाभोळला.

तिचे अब्बा, दाऊद परकार, निवृत्त शिक्षक, ओटीवर पेपर वाचत होते. तिने आकडे सांगितले. त्यांनी पेपर खाली केला.

"आपण शाफई पंथाचे," ते म्हणाले. "आपल्यात लहान मूल आईकडे राहतं. समज आली, सात-आठ वर्षांचं झालं, की त्यालाच विचारायचं, बाबा तुला कुणाकडे राहायचंय. माझ्या लहानपणी एकाच्या घरी असं विचारताना मी पाहिलंय. सगळी जमात बसली होती. मुलगा उठला आणि बापाजवळ जाऊन बसला. आई काही बोलली नाही."

"मिन्हाला विचारलं तर ती काय सांगेल, अब्बा?"

"ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक."

"ती म्हणेल, मम्मी दुखवते."

अब्बांनी पेपरची घडी घातली. "मग थांबवतेस का व्यायाम?"

"नाही," निदा म्हणाली. दोन तासांच्या वाटेत तिने बाकी कसलाच विचार केला नव्हता. "मुलगी हातची गेली तरी तिचा हात जाऊ देणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने न्यायालयाच्या मापन विभागाकडे कच्च्या नोंदी मागितल्या. आईबापांना तो हक्क होता, पण बहुतेक जण आकडा घेऊन थांबायचे. एकवीस दिवसांच्या नोंदी भरती-ओहोटीच्या केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर उघडून ती बसली. आलेख वाचणं हे तिचं रोजचं काम होतं. समुद्राच्या पातळीची वर्षभराची सरासरी काढली तर एक सपाट रेष मिळते आणि त्या रेषेच्या भरवशावर कुणी होडी लोटत नाही. पाणी कधी चढलं, किती चढलं आणि उतरायला किती वेळ लागला, हे बघायचं असतं.

मिन्हाच्या ताणाची रेष दिवसातून दोनदा उभी चढत होती, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. तेच ते डोंगर सरासरीत मिसळून निदाचा आकडा त्रेचाळीसवर आला होता. तिने प्रत्येक डोंगराची उतरण मोजली. व्यायाम संपल्यापासून अकरा, बारा, कधी तेरा मिनिटांत रेष खाली यायची, आणि व्यायामाच्या आधी होती त्याहूनही खाली जाऊन स्थिरावायची. दोघींच्या हृदयांची चाल दिवसात सर्वांत जास्त जुळायची ती याच वेळी, केस विंचरताना.

तिने शनिवार-रविवारही बघितले. तिथे रेष खाली होती, शांत होती. मिन्हा बापाकडे खरोखर आनंदात होती. त्यात लबाडी नव्हती. निदाने तो भाग दोनदा बघितला आणि मग वकीलबाईंना फोन लावला.

"मुदतवाढ नको. मला दुसरा अर्ज करायचाय. पुढचे एकवीस दिवस मिन्हा मुआजकडे असेल. तेव्हा दोन्ही वेळचा व्यायाम त्याने स्वतःच्या हाताने करायचा, असा हुकूम मागा. डॉक्टरांचं पत्र देते."

"आणि त्यांनी तो उत्तम केला तर? आकडाही त्यांचा, व्यायामही त्यांचा. तुमच्याकडे काहीच उरणार नाही."

"दोन ठिकाणचं पाणी मोजायचं तर एकाच वेळी मोजावं लागतं, मॅडम. मी भरतीला आणि तो ओहोटीला, असं चालत नाही. आणि त्याने उत्तम केला तर मिन्हाचा हात बरा होईल. ते मला चालेल."

अर्ज मंजूर झाला. निदाने मुआजला व्यायाम शिकवावा, असंही हुकमात होतं.

त्यासाठी तो दाभोळला आला. दोन वर्षांनी तो त्या घरात पाऊल टाकत होता. अब्बांनी त्याला पाणी दिलं आणि ते मागच्या दारी निघून गेले. निदाने चटई घातली.

"पातं असं धर. अंगठा इथे. सैल सोडलास तर सगळा ताण पाठीत जाईल, सांध्यात येणारच नाही."

मुआजचे हात इंजिनात वाढलेले, दणकट. मिन्हाच्या खांद्यावर ते नुसते टेकले होते, दाबत नव्हते. हात कानाकडे गेला, सांधा अडला, आणि मिन्हा किंचाळली, "पप्पा, नको!"

त्याने झटकन हात सोडला.

"सोडायचा नाही," निदा म्हणाली. "मध्ये सोडलास की तिला पुन्हा पहिल्यापासून सोसावं लागतं. तीस होईपर्यंत धरून ठेवायचा."

"तू हे रोज करतेस?"

"दोनदा."

त्याने चटईवर गुडघे टेकून बैठक नीट केली. मग म्हणाला, "पुन्हा दाखव."

मिन्हा चिपळूणला गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं. निदा केंद्रात जास्त वेळ थांबू लागली. हुकमाप्रमाणे दिवसाआड फोनवर बोलायची मुभा होती. तिसऱ्या दिवशी मिन्हा म्हणाली, "पप्पापण तुझ्यासारखेच झालेत." तेराव्या दिवशी ती खुशीत होती. "आज आम्ही गोवळकोटला गेलो होतो. मगर बघितली."

"आणि हात?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. "हात मस्त आहे," मिन्हा म्हणाली आणि मगरीबद्दल सांगू लागली.

निदाने फोन ठेवला. व्यायाम थांबलाय, हे तिला कळलं. तिच्या मनात आलं, आत्ता गाडी काढावी आणि चिपळूण गाठावं. पण न्यायालयाने दिलेले दिवस मुआजचे होते. तिने वकीलबाईंना तेवढं कळवलं आणि उरलेले आठ दिवस दातांवर दात ठेवून काढले.

सुनावणीच्या दिवशी न्यायाधीश लोखंडेबाईंपुढे दोन कागद होते. पहिला मापन विभागाचा. आईचा आकडा त्रेचाळीस, वडिलांचा सत्तावन्न. दुसरा डॉक्टरांचा. चिपळूणला जाण्याआधी मिन्हाचा हात एकशे तीस अंशांपर्यंत वर जात होता. आता एकशे बारा.

मुआजच्या वकिलांनी सत्तावन्नवर बोट ठेवलं. न्यायाधीशबाईंनी त्यांचं ऐकून घेतलं आणि पान उलटलं. "हा सत्तावन्न एकसंध दिसत नाही. पहिल्या अकरा दिवसांचा आकडा अडतीस आहे आणि पुढच्या दहा दिवसांचा सत्त्याहत्तर. मुआज, बाराव्या दिवशी काय झालं?"

त्याचे वकील उठायला लागले. मुआजने त्यांना हातानेच थांबवलं.

"मी व्यायाम बंद केला."

"का?"

"अम्मी म्हणत होती, पोर इतकी ओरडते, बस कर आता. पण अम्मीवर ढकलत नाही. मलाच ते रडणं ऐकवेना. तिला हाक मारली की ती दचकायची. इतकी वर्षं मी नव्हतो, आणि आता आहे तर तिला माझी भीती वाटायला लागली..." तो थांबला. "आकडा पडणार हेही माहीत होतं. तेही डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू?"

"हात अठरा अंशांनी कमी झाला, हे कधी कळलं?"

"आज. इथेच."

तो खाली बसला.

वैदेही साळवी उठल्या. सारखी परिस्थिती धरली तर आईचा आकडा त्रेचाळीस आणि वडिलांचा अडतीस, हे त्यांनी नेमक्या शब्दांत मांडलं. न्यायाधीशबाईंनी निदाकडे बघितलं. "तुम्हाला काही सांगायचंय?"

वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली. जिंकलेल्या दाव्यात पक्षकाराने बोलू नये, असा त्यांचा अनुभव होता. निदा तरीही उभी राहिली.

"मॅडम, मी कच्च्या नोंदी बघितल्यात. माझ्याही आणि त्याच्याही. सरासरीत दिसत नाही असं त्यात एक आहे. ताण चढल्यावर उतरायला किती वेळ लागतो ते. माझ्याकडे बारा मिनिटं लागतात. मुआजकडे पहिल्या दिवशी अठ्ठावन्न मिनिटं लागली. पाचव्या दिवशी पंचेचाळीस. अकराव्या दिवशी एकोणतीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तो शिकत होता. मलाही पहिल्या महिन्यात तासभर लागायचा, मिन्हा रागाने माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. अजून पंधरा दिवस केलं असतं तर त्यालाही जमलं असतं. त्याने सोडायला नको होतं, हे खरं. पण त्याला जमत नाही, असं ही नोंद सांगत नाही."

मुआज मान वर करून तिच्याकडे बघत राहिला. मापन विभागाच्या अधिकाऱ्याला विचारलं, तेव्हा तो म्हणाला की उतरणीचा वेळ काढता येतो; आजवर कुणी मागितला नव्हता.

दुपारी न्यायाधीशबाईंनी मिन्हाला आपल्या खोलीत बोलावलं. सोबत फक्त एक समुपदेशक होती. वीस मिनिटांनी मिन्हा बाहेर आली आणि सरळ अब्बांच्या, म्हणजे तिच्या नानांच्या, शेजारी जाऊन बसली. ती आत काय बोलली, ते निदाला आठवड्याने निकालपत्रात वाचायला मिळालं.

निकाल निदाच्या बाजूने होता. मिन्हा एक वर्ष आईकडे राहील. वडिलांचं पालकत्व कायम. प्रत्येक रविवारी ते आईच्या देखरेखीखाली मुलीचा व्यायाम घेतील. परिस्थिती सारखी नसेल तर सान्निध्यांकावर विसंबू नये, असंही न्यायाधीशबाईंनी लिहिलं होतं. वर्षाने मुलीला पुन्हा विचारलं जाईल. आणि त्याच्या वर, मिन्हाच्याच शब्दांत:

'पप्पांकडे मला जास्त आवडतं. तिथे दादी आहे आणि पप्पा रोज संध्याकाळी असतात. पण पप्पांना हात करता येत नाही. करता आला असता तर मी तिथे राहिले असते.'

निदाने ती ओळ वाचली, कागद मिटला, पुन्हा उघडला, पुन्हा वाचली. वकीलबाई फोनवर अभिनंदन करत होत्या. तिने त्यांचे आभार मानले. मग अब्बांना कागद दिला. त्यांनी वाचला आणि चष्मा पुसत बसले.

"वर्षभर तुझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "वर्षात मुलं बदलतात."

"हो," निदा म्हणाली. "पण तिने अट स्वच्छ सांगितलीये, अब्बा. मला दुखवायचं म्हणून नाही सांगितली. तिला दोन्ही हवंय, हातही आणि बापही."

तिने मुआजला फोन लावला.

"रविवारचं लिहिलंय निकालात. आठवड्यातून एकदा करून हात शिकत नाही. रोज संध्याकाळी ये."

"रोज? चिपळूणहून?"

"मग काय दाभोळचा डोंगर तुझ्याकडे आणू? सातला चटई घालते मी. उशीर केलास तर थांबणार नाही."

"निदा, तिने आत काय सांगितलं, ते वाचलंस ना?"

"वाचलं."

"तरी शिकवतेस?"

"सातला ये," ती म्हणाली.

तो आला. पहिल्या आठवड्यात मिन्हाने त्याच्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या आठवड्यात तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला. मुआजने तीस मोजून झाल्यावरच हात खाली ठेवला. निदा स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकायची. पाय आपोआप दाराकडे वळायचे. ती ओट्याची कड धरून ठेवायची आणि बाहेर जायची नाही. कधी नुसतं तिथूनच सांगायची, "पातं सुटलंय," आणि बाहेरून त्याचा आवाज यायचा, "धरलं."

व्यायाम झाल्यावर काय करायचं हे मात्र तिने शिकवलं नाही. ते त्याचं त्यानेच शोधलं. जहाज समुद्राच्या मधोमध बंद पडलं तर इंजिन कसं सुरू करायचं, ते तो मिन्हाला सांगायचा; रोज इंजिनाचा वेगळा भाग बिघडलेला असायचा. आधी मिन्हा पाठ फिरवून ऐकायची, मग त्याच्याकडे तोंड करून, मग प्रश्न विचारत. पट्टी केव्हाच निघाली होती. निदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून ठेवायची. पस्तीस मिनिटं. चोवीस. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी बाहेर हुंदके होते, आणि थोड्या वेळाने हसू ऐकू आलं. तिने घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं झाली होती.

त्याच महिन्यात डॉक्टरांनी हात मोजला. एकशे अडतीस.

त्यानंतरच्या शुक्रवारी निदाने स्वतःहून मिन्हाची पिशवी भरली. तीन दिवस चिपळूणला, सहा वेळचा व्यायाम, मुआज एकटा. न्यायालयाने सांगितलं नव्हतं. मुआज गाडी घेऊन दारात उभा होता. अब्बा त्याच्याशी रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलत होते.

मिन्हा पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. खाली बघतच तिने विचारलं, "मम्मी, पुढच्या वर्षी मी तिकडेच राहते म्हटलं, तर तू रडशील?"

निदा तिच्याशेजारी पायरीवर बसली. "रडेन."

"खूप?"

"खूप."

"मग?"

"मग काय? रडून झालं की उठून कामाला जाईन. आणि शनिवारी तुला आणायला येईन."

मिन्हाने या उत्तराचा नीट विचार केला. ते तिला पटलेलं दिसलं. ती उठली, आईच्या गालाला गाल लावला आणि गाडीकडे पळाली.

गाडी वळणाआड गेली. निदा पायरीवर थोडा वेळ रडली, आणि मग उठून कामाला गेली.